दुभाष्या स्वतः बांधून पाहावा

भारतीय भाषांच्या विद्यापीठीय विभागांतून संगणकाचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. प्रबंध त्यावर लिहिले जातात, शब्दसूची त्यावर होतात, हस्तलिखितांची छायाचित्रे त्यावर साठविली जातात. परंतु ज्या आज्ञावलीच्या आधारे हे सारे घडते, ती आज्ञावली हाही एक लिहिलेला मजकूर आहे, तिला लेखक आहेत, आवृत्त्या आहेत, पाठभेद आहेत, ही जाणीव आपल्या विभागांत क्वचितच आढळते. पोथीच्या काठावरील चार अक्षरांसाठी दिवस वेचणारा अभ्यासक स्वतःच्या टंकलेखनामागील मजकुराकडे मात्र बंद पेटीकडे पाहावे तसे पाहतो. प्रस्तुत लेखातील म्हणणे एवढेच आहे की, भाषेच्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी एखाद्या लहानशा प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर तिच्या मूळ संहितेपासून स्वतःच्या संगणकावर बांधून पाहावा. तयार मिळणारा उतरवून घेणे सोपे आहे, आणि नित्याच्या कामाला ते पुरेसेही आहे. तरीही बांधून पाहण्याने जे कळते ते भाषाभ्यासकाच्या कामाचे असते.

प्रथम संज्ञांविषयी दोन शब्द. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. माणसाने लिहिलेल्या आज्ञा तो वाचतो, त्यांतील पदे वेगळी करतो, वाक्यरचना तपासतो आणि त्यांचा अर्थ यंत्राकडून अमलात आणवितो. हा दुभाष्या स्वतः दुसऱ्या एका भाषेत, बहुधा सी या भाषेत, लिहिलेला असतो. त्या लेखनाला येथे मूळ संहिता म्हटले आहे. ती यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर नावाची आणखी एक आज्ञावली तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते, आणि हे रूपांतर घडवून आणणे म्हणजेच इंटरप्रिटर ‘बांधणे’. कंपायलरला ‘संकलक’ असा पर्याय रूढ करण्याचा प्रयत्न झाला आहे. परंतु संकलन म्हणताच मराठी वाचकाच्या मनात वेचून एकत्र करण्याचीच कल्पना येते, म्हणून येथे प्रचारातील शब्दच ठेवला आहे.

अशा प्रयोगासाठी ‘लुआ’ ही भाषा मला सर्वांत योग्य वाटते. तिचा जन्म १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात झाला. रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे तीन कर्ते. १९७७ पासून १९९२ पर्यंत ब्राझीलने संगणक आणि आज्ञावली यांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते. देशाने स्वतःची साधने स्वतः निर्माण करावीत, हा त्यामागील विचार होता. त्या वातावरणात या विद्यापीठातील एक संशोधनगट पेत्रोब्रास या तेलकंपनीच्या अभियंत्यांसाठी आज्ञावली तयार करीत असे. त्या गटाने प्रथम दोन लहान भाषा रचल्या होत्या. त्यांपैकी एकीच्या नावाची आद्याक्षरे ‘सोल’ अशी होती, आणि पोर्तुगीज भाषेत ‘सोल’ म्हणजे सूर्य. त्या दोहोंची जागा घेणाऱ्या भाषेला ‘लुआ’, म्हणजे चंद्र, हे नाव मिळाले. पुढे ही भाषा संगणकीय खेळांत, यंत्रोपकरणांत आणि अनेक मोठ्या आज्ञावल्यांच्या पोटात जाऊन बसली. विकिपीडियावरील साच्यांमागे २०१३ पासून ती काम करते. पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्या लुआटेखच्या गाभ्यातही तीच आहे. म्हणजे मराठी वाचक तिच्या सान्निध्यात कधीच येऊन गेला आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही.

या इतिहासातील एक गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. नाव पोर्तुगीज, कर्ते पोर्तुगीज बोलणारे, प्रेरणा स्वदेशीची. पण भाषेतील राखीव शब्द सारे इंग्रजी. जगाने वापरावी अशी भाषा करावयाची तर शब्द इंग्रजी असावेत, हे जणू गृहीतच होते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजीचे हे आवरण यंत्राच्या स्वभावातून आलेले नसून माणसांच्या निवडीतून आलेले आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला मूळ संहितेशिवाय दुसरे साधन नाही.

लुआची संहिता लहान आहे, हा तिचा या कामापुरता सर्वांत मोठा गुण. २०२० मध्ये आरंभ झालेल्या ५.४ या आवृत्तिमालेचे बांधलेले गाठोडे सुमारे साडेतीनशे किलोबाइटचे असते. त्यात सी भाषेच्या सुमारे तीस हजार ओळी आणि संदर्भपुस्तिका एवढे सारे मावते. एखाद्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र पुष्कळदा याहून अधिक जागा घेते. २००३ पासून ही संहिता एमआयटी परवान्याखाली मिळते. म्हणजे ती वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळीक आहे.

बांधण्याची रीतही अवघड नाही. गाठोडे उतरविल्यावर प्रथम त्याची मुद्रा, म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेला लांबलचक अंक, कर्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अंकाशी ताडून पाहावी. हातातील प्रत शुद्ध आहे की मध्येच कोणी हात फिरविला आहे, हे त्यावरून कळते. मग गाठोडे उलगडून त्या दालनात ‘मेक’ ही आज्ञा द्यावयाची. लिनक्सवर कंपायलर आणि मेक ही दोन साधने असली म्हणजे काम भागते. मॅकवर ॲपलची विकसनसाधने आधी बसवावी लागतात. विंडोजवर मिंगडब्ल्यूसारखे साधनसंच घेऊन त्याचे नाव आज्ञेत सांगावे लागते. साधारण संगणकावर काही सेकंदांत काम पुरे होते. ‘मेक टेस्ट’ म्हटले की नव्याने बांधलेला दुभाष्या आपली आवृत्ती सांगतो. जुन्या, म्हणजे ५.३ पर्यंतच्या, आवृत्त्या बांधताना लिनक्सवर हमखास एक अडथळा येई: रीडलाइन नावाच्या ग्रंथालयाची शीर्षपत्रे सापडत नाहीत, अशी तक्रार करून काम थांबे. ५.४ मध्ये ती अपेक्षा काढून टाकण्यात आली. असा अडथळा हेही शिक्षणच आहे. कोणता मजकूर कोणत्या दुसऱ्या मजकुराच्या आधारावर उभा आहे, हे त्यातून दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तयार मिळणाऱ्या लुआमध्ये एखाद्या चलाला ‘रफार’ असे देवनागरी नाव दिले, तर दुभाष्या ते नाकारतो आणि ‘२२४’ या आकड्यापाशी अनपेक्षित चिन्ह आढळले, असे कळवितो. हा २२४ कोठून आला? युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांचे असते, आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी २२४ असतो. केवळ देवनागरीचाच नव्हे. बांगला, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम या सर्व लिप्यांचा पहिला बाइट हाच आहे. उर्दूची लिपी, संताळीची ओल चिकी आणि मणिपुरीची मैतेई मयेक यांचे आकडे निराळे. भारतातील बहुतेक लिप्या यंत्राच्या उंबरठ्यावर एकाच आकड्याने ओळखल्या जातात आणि एकाच आकड्यापाशी अडविल्या जातात, ही वस्तुस्थिती अनेक भाषांचे विभाग एकत्र असलेल्या आपल्या विद्यापीठांत तरी माहीत असावयास हवी.

लुआची संदर्भपुस्तिका सांगते की, नावे लॅटिन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांचीच असू शकतात. पुस्तिका वाचून थांबणारा येथे थांबेल. परंतु संहितेत ‘एलसीटाइप’ नावाची एक छोटी फाइल आहे. कोणता बाइट अक्षर मानावा, कोणता अंक, कोणता विराम, याचा तक्ता तिच्यात आहे. त्या तक्त्याच्या आरंभी ‘लुआ-यूसीआयडी’ या खुणेची एक अट लिहिलेली आहे. बांधतेवेळी ही खूण दिली, तर इंग्रजी वर्णमालेबाहेरचे सारे बाइट अक्षर मानले जातात. न दिली, तर मानले जात नाहीत. कर्त्यांनी दार करून ठेवले आहे, पण ते बंद ठेवून दिले आहे; आणि त्याची कडी फक्त बांधणाऱ्याच्या हाताला लागते. मेकच्या आज्ञेत ‘मायसीफ्लॅग्ज’ या नावापुढे ती खूण लिहावयाची, आधी एकदा बांधले असेल तर जुने अवशेष ‘मेक क्लीन’ने काढून टाकावयाचे, आणि पुन्हा बांधावयाचे. ‘रफार’ हे नाव मग बिनतक्रार चालते. तयार मालाच्या ग्राहकाला हे स्वातंत्र्य उपलब्ध नसते; मुख्य म्हणजे, ते असू शकते हेच त्याला ठाऊक नसते.

या दारातून आत गेल्यावर प्रश्न संपत नाहीत, तेथे ते सुरू होतात; आणि ते प्रश्न शुद्ध भाषाशास्त्राचे आहेत. नव्या तक्त्यात सारेच देवनागरी बाइट अक्षर ठरल्यामुळे देवनागरी अंकही अक्षरेच ठरतात. ‘१२’ असे लिहिले तर दुभाष्या त्यास बारा ही संख्या न मानता ‘१२’ नावाचे, काहीही मूल्य नसलेले चल मानतो. दंडही अक्षरच ठरतो. त्याहून सूक्ष्म अडचण मराठीची खास आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा खाली टिंब असलेल्या र या स्वतंत्र वर्णाने, आणि एकदा साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. दुभाष्याच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे आहेत. पाठभेद डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी तो आहे. लेखनाचे प्रमाणीकरण हा विषय आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घाच्या वादापुरता उरला आहे. तो आणखी एका पायरीने खाली नेण्याची गरज या एका उदाहरणाने स्पष्ट व्हावी.

हीच गोष्ट मोजणीची. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लुआला विचारली तर ती १५ सांगते, कारण ती बाइट मोजते. ५.३ या २०१५ च्या आवृत्तीपासून जोडलेल्या यूटीएफ-८ ग्रंथालयाला विचारले तर उत्तर येते ५: म, र, काना, ठ आणि वेलांटी. शाळेतील मूल मात्र तीन अक्षरे मोजते, आणि ते बरोबर असते. १५, ५ आणि ३ या तिन्ही उत्तरांत चूक कोणतेच नाही. अक्षर म्हणजे काय, या प्रश्नाची ती तीन उत्तरे आहेत. छंदशास्त्राचा विद्यार्थी ओवीची अक्षरे यंत्राकडून मोजवून घेईल तेव्हा तिसरे उत्तर देणारी रीत त्याला स्वतःच लिहावी लागेल, कारण लुआच्या कर्त्यांना तिची गरज पडलेली नाही.

राखीव शब्दांचे काय? लुआ ५.४ मध्ये असे शब्द केवळ २२ आहेत आणि ते ‘एललेक्स’ या फाइलीत एका यादीत सलग लिहिलेले आहेत. वर सांगितलेली खूण देऊन ही यादी बदलली तर मराठी राखीव शब्दांची लुआ तयार होते. येथे उत्साही मनुष्य म्हणेल, झाले, मराठी प्रोग्रॅमिंग भाषा सिद्ध झाली! पण तसे होत नाही. ‘इफ’ आणि ‘देन’ यांच्या जागी ‘जर’ आणि ‘तर’ सुरेख बसतात, कारण मराठीत ही जोडी आहेच. ‘व्हाइल’ आणि ‘डू’ यांच्या जागी ‘जोवर’ आणि ‘तोवर’ घालावे तर तेही शोभते. पण लुआत तोच ‘डू’ हा शब्द मोजून करावयाच्या आवर्तनातही येतो आणि नुसता आज्ञांचा गट सुरू करण्यासाठीही येतो, आणि तेथे ‘तोवर’ निरर्थक होते. इंग्रजीतील एका शब्दाच्या तीन कामांना मराठीत एक शब्द पुरत नाही. ‘नॉट’ची अडचण आणखी मूलभूत आहे. तो शब्द विधानाच्या आधी येतो. मराठीतील ‘नाही’ विधानानंतर येते. येथे यादी बदलून भागत नाही. वाक्यरचना ठरविणाऱ्या ‘एलपार्सर’ या दुसऱ्या फाइलीत हात घालावा लागतो. शब्दकोश एका फाइलीत आणि व्याकरण दुसऱ्या फाइलीत, अशी ही स्वच्छ विभागणी पाहिली की शब्द बदलणे आणि भाषा बदलणे यांतील अंतर विद्यार्थ्याला जसे समजते, तसे व्याख्यानाने समजविणे कठीण आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते काम कोशाचे होते, वाक्यरचनेचे नव्हते. आज संगणकीय परिभाषेच्या नावाने जे चालते तेही बहुतांशी पहिल्या फाइलीतले काम आहे.

हाच प्रयोग शेजारच्या वर्गात तमिळ किंवा तेलुगूचा विद्यार्थी करील तर त्याला ‘जर’पाशीच वेगळा अनुभव येईल. त्या भाषांत अट ही प्रायः क्रियापदाला लागणाऱ्या प्रत्ययातून व्यक्त होते, वाक्यारंभी उभ्या राहणाऱ्या शब्दातून नव्हे. दोन विद्यार्थ्यांनी एकच तीस हजार ओळींची संहिता समोर ठेवून ही तुलना केली, तर तौलनिक व्याकरणाचा तो उत्तम पाठ होईल. भारतीय भाषांचे विभाग एका छताखाली असण्याचा असा उपयोग आपण फारसा करीत नाही.

या प्रयोगात खरोखर काय पणाला लागले आहे, हे एका वेगळ्या संदर्भात पाहू. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठीतील पुष्कळ मजकूर खासगी फाँटांत टंकलिखित झाला. नियतकालिके, प्रबंध, कोशांच्या नोंदी, लेखकांची टिपणे, सारे त्यात आहे. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. फाँट किंवा त्याची आज्ञावली गेली की फाइल उघडते, पण समोर रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग येतो. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत होते आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत ते बाहेरच्या वाचकाला बंद होते. तेथे कुलूप जाणूनबुजून घातलेले होते; येथे ते केवळ निष्काळजीपणाने पडले आहे.

हे कुलूप उघडण्याचे काम मुळात भाषेच्या जाणकाराचे आहे. अशा फाँटांत आकार जसे दिसतात त्या क्रमाने साठविले जात. म्हणून ‘कवि’ या शब्दात पहिली वेलांटी व च्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ती व च्या नंतर हवी. ‘स्थिती’मध्ये ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. रफाराचे उलट: ‘धर्म’ लिहिताना फाँटात तो म च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी. हे नियम ज्याला ठाऊक आहेत तो शे-दोनशे ओळींची लुआ आज्ञावली लिहून आपल्या विभागातील जुन्या फाइली वाचनीय करू शकतो. आणि त्याने स्वतः बांधलेल्या दुभाष्यात त्या आज्ञावलीतील चलांची नावे ‘वेलांटी’, ‘रफार’, ‘जोडाक्षर’ अशीच ठेवू शकतो, जेणेकरून पुढचा मराठीचा अभ्यासक ती वाचून तपासू शकेल. मुद्रितांच्या बाबतीत संपादकाकडून आपण हीच अपेक्षा करतो.

या म्हणण्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भाषेच्या विद्यार्थ्याचा वेळ यात का दवडावा? उत्तर असे की, वर वर्णिलेले बांधकाम एका दुपारचे आहे. कंपायलर मिळविण्यातच त्यातील अधिक वेळ जाईल. दुसरा आक्षेप, विभागांतील सामायिक संगणकांवर काहीही बसविण्याची मुभा विद्यार्थ्यांना नसते. तो खरा आहे. परंतु लुआ बसविण्यासाठी यंत्राच्या मालकीचे अधिकार लागत नाहीत. ‘मेक लोकल’ म्हटले की ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या दालनातच राहते. कंपायलर तेवढा व्यवस्थापकाने एकदा बसवून दिला पाहिजे. तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ही सारी तक्ता बदलण्याची खटपट शेवटी इंग्रजी संहितेच्या आतच चालते; मग तिने मराठीचे काय साधले? मला वाटते, येथे अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. या प्रयोगातून मराठी प्रोग्रॅमिंग भाषा निघणार नाही, आणि निघावी असा माझा आग्रहही नाही. देवनागरी नावांनी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या तयार लुआवर चालणार नाही, ही उणीवही आहेच. ती देणाऱ्याने सोबत बांधण्याची रीतही दिली पाहिजे. साधेल ते इतकेच की, कोणते नियम यंत्राचे, कोणते कर्त्यांच्या सोयीचे आणि कोणते आपल्या लिपीचे, हे विद्यार्थी वेगळे करू शकेल. आज ‘संगणकात मराठीत असे होत नाही’ हे वाक्य आपण तक्रार म्हणून उच्चारतो आणि पुढे जातो. बांधून पाहिलेल्या विद्यार्थ्याला ते कोणत्या फाइलीत होत नाही, हे विचारता येईल.

म्हणून सूचना अशी की, भारतीय भाषांच्या विभागांनी संशोधनपद्धतीच्या पाठ्यक्रमात पाठचिकित्सेच्या शेजारी या एका प्रात्यक्षिकाला जागा द्यावी. लुआची संहिता बांधावी, यूसीआयडीची खूण देऊन ती पुन्हा बांधावी, दोहोंतील फरक आपापल्या लिपीत नोंदवावा, आणि विभागाच्या कपाटातील एक तरी जुनी खासगी फाँटाची फाइल युनिकोडमध्ये आणून ग्रंथालयाला द्यावी. परीक्षेचे गुण या शेवटच्या कामाला असावेत. त्या फाइली ज्यांनी टंकलिखित केल्या त्यांपैकी अनेकांना कोणते चिन्ह कोणत्या कळीवर होते हे अद्याप आठवते. आणखी वीस वर्षांनी हे विचारावयाला कोणी उरणार नाही.